विहिरीचं पान

निपाणीच्या तटबंदी स्पर्धेत मी सलग चार वर्षं पहिल्याच फेरीत हरलो, याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते पाचव्या वर्षी मंडळाकडून आलेल्या पत्राचं. पत्राच्या तळाला लिहिलं होतं, 'जेवणाची व्यवस्था दुसऱ्या फेरीपासून असल्यामुळे आपण येताना डबा आणावा.' असं पत्र सगळ्यांनाच गेलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. चौकशी केली तेव्हा कळलं की ते मला एकट्यालाच आलं होतं.

मी मारुतीराव. बेळगावात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे, राहायला वडगावात. लोकांच्या अर्जातल्या त्रुटी काढण्यात माझी तीस वर्षं गेली. चुका काढण्यात इतका तरबेज असलेला माणूस चाळीस पानांच्या गड्डीपुढं दरवर्षी उताणा का पडतो, हे मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, कधी समजलं नाही. मलाही नाही.

तटबंदी हा पत्त्यांचा खेळ आहे, पण रमीसारखा नव्हे. इथं प्रत्येकजण आपली चाळीस पानांची गड्डी घरून रचून आणतो. त्यात लढणारी पानं असतात: तीनशे स्वार, बुरूज, तोफ. पण ती फुकट खेळता येत नाहीत. स्वारांना तीन रसद लागते, तोफेला सहा. ही रसद देणारी पानं वेगळी, आणि ती किती घालायची, कुठली घालायची यातच सगळी विद्या आहे. कमी घातली तर हातात तोफा धरून उपाशी बसायचं. जास्त घातली तर नुसती शेतंच शेतं, लढायला कुणी नाही. चार वर्षांपैकी दोन वर्षं मी पहिल्या प्रकारे हरलो होतो आणि दोन वर्षं दुसऱ्या.

शेजारच्या परशरामला मी हे एकदा बोललो ते चुकलंच. त्याचे चार यंत्रमाग आहेत. आमच्या आणि त्याच्या घरात एकच भिंत, त्यामुळं माझं सगळं आयुष्य त्या खटखटाटाच्या तालावर गेलंय. तो म्हणाला, "मारुतीअण्णा, रसद वाढवा. मागाला सूतच न्हाय मिळालं तर माग काय भजन करतंय व्हय?"

मंगल म्हणाली, "निम्मी निम्मी घाला की. त्यात काय एवढं."

दोघांचे सल्ले ऐकून मी ठरवलं की यंदा शास्त्रीय पद्धतीनं जायचं. दोनशे पानी वही आणली आणि रसदीच्या प्रत्येक पानाची चौकशी लावली. शेत साधं सरळ: मांडलं की दर खेळीला एक रसद. कोठाराला आधी दोन मोजावे लागतात, मग दर खेळीला एक मिळते. म्हणजे दुसऱ्या खेळीला मांडलं तर चौथीला फिटलं आणि पुढं नफा. पण तेच पाचव्या खेळीला हातात आलं तर निव्वळ अडगळ, कारण डाव सहा-सात खेळ्यांत संपतो. बैलगाडीला एक मोजायची आणि लगेच तीन घ्यायच्या, पण गाडी एकदाच येते. कुठलं पान काय देतं एवढं बघून भागत नाही, ते कधी येतं हे बघावं लागतं, असा मोठा शोध मी तिसाव्या पानावर लावला.

नियमपुस्तिकेच्या एक्केचाळिसाव्या पानावर मला विहीर सापडली.

विहिरीला काहीच मोजावं लागत नाही. दर खेळीला ती दोन रसद देते. अट एकच: दर खेळीला हातातलं एक पान विहिरीखाली पालथं ठेवायचं. डाव संपेपर्यंत ते पान बाद. ज्या खेळीला पान ठेवायचं नसेल त्या खेळीला 'विहीर बंद' म्हणायचं, म्हणजे तिची रसदही बंद. मी आकडेमोड केली. दुसरं कुठलंही पान तिच्या जवळपाससुद्धा येत नव्हतं. छापखान्यानं ती पानं फार थोडी काढली होती आणि माझ्या माहितीत एकाकडंच होतं. रवळूकडं.

रवळू कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. हा खेळ मला त्यानंच शिकवला. तीन वर्षं ओळीनं तो निपाणीला जिंकला आणि मग अचानक यायचा बंद झाला. विचारलं तर म्हणायचा, "पानं कमी पडायलेत." मला वाटलं निवृत्तीनंतरची विरक्ती असेल. गेल्या डिसेंबरात तो गेला.

शहापूरच्या अरुंद गल्लीत त्याची थोरली बहीण मालुबाई राहते. रविवारी दुपारी गेलो. आक्का हातमागावर बसली होती, पण विणत नव्हती. मी घुटमळत विषय काढला.

"आक्का, रवळूची ती खेळायची पानं होती..."

"डबा हाय." ती उठली, फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. इतक्या लगबगीनं की मला चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडं ही साधी गोष्ट नव्हे.

"सगळी पानं नकोत मला, एकच..."

"एकच हाय त्यात," आक्का म्हणाली. "घेऊन जा. घरात नको."

डब्यात खरोखर एकच पान होतं. विहिरीचं. कोपरे झिजलेले, मधोमध काळं वर्तुळ आणि त्यात खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. मी पायऱ्या मोजायला लागलो, पण त्या छपाईत इतक्या बारीक होत गेल्या होत्या की शेवट लागेना. पान उन्हाळ्यातसुद्धा गार होतं.

घरी जेवणाच्या टेबलावर मी डाव्या हाताविरुद्ध उजव्या हातानं डाव सुरू केले. पहिल्या डावात विहीर पहिल्या पाच पानांतच आली. बरं वाटलं. दुसऱ्या डावात आली, तिसऱ्या डावातही आली. चाळिसातून पाच पानं उचलली तर एखादं ठरावीक पान त्यात येण्याची शक्यता आठात एक. ओळीनं नऊ वेळा आल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. तेरा कोटी बेचाळीस लाखांत एकदा असं व्हावं. मी मंगलला बोलावून पिसायला लावलं. तिनं चिंच निवडत्या हातानं दोनदा वरखाली केलं आणि पहिल्या पाचांत विहीर आली.

शेवटी मी ती सगळ्यांदेखत, म्हणजे माझ्या आणि मंगलच्या देखत, गड्डीच्या तळाला ठेवली आणि न पिसता वरून पाच पानं उचलली. तिसरं पान विहीर. तळ उलटून बघितला तर तिथं बैलगाडी.

"तुमच्या डोळ्याचा नंबर वाढलाय," मंगल म्हणाली आणि चिंच घेऊन आत गेली. पण त्या दिवसापासून मी टेबलावर बसलो की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायला लागली.

मी घाबरलो का? खरं सांगायचं तर नाही. मी खूश झालो. चार वर्षं जो माणूस रसदीसाठी तिष्ठत बसलाय, त्याच्या हातात रसद आपल्या पायानं चालत आल्यावर तो कारणं विचारत बसत नाही. मी गड्डी पक्की केली, चाळीस पानांची यादी मंडळाला पाठवली आणि पोच घेतली.

त्यानंतरच्या मंगळवारी पहिलं पान गेलं.

दुपारची वेळ होती, कचेरीला सुट्टी होती. विहिरीखाली मी तीन पानं ठेवली होती. डाव संपल्यावर उचलली तर दोनच. त्याच क्षणी वीज गेली आणि परशरामचे चारही माग एकदम थांबले. वर्षानुवर्षं कानात असलेला आवाज असा तुटला की घर खोल वाटायला लागलं. तीनशे स्वारांचं पान नव्हतं. टेबलाखाली, फ्रिजमागं, पायपुसण्याखाली, कुठंच नाही. बोटांना मात्र ओल्या दगडासारखा वास येत होता.

दोन दिवसांनी एक बुरूज गेला. आता त्या दिवशी परशराम सल्ला द्यायला येऊन बसला होता आणि त्यानं पानं हातात घेऊन बघितली होती. मी अत्यंत सभ्य शब्दांत विचारलं, "परशराम, चुकून खिशात तर न्हाय गेलं?"

तो उठून उभा राहिला. खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून सुताचा गुंडा निघाला, दुसऱ्यातून सुपारी.

"पंचवीस वर्षं शेजारी हाय मी," तो म्हणाला. "पत्त्याचं पान चोरणार व्हय मी?"

त्यानंतर तो बोलेनासा झाला. फक्त माग आणखी जोरात चालवायला लागला, असं मला वाटे. मंगलच्या मते मागाला जोरात आणि हळू असं काही नसतं.

दुसरा बुरूज गेला, मग एक तोफ गेली. चार पानं कमी. मंडळाचा नियम असा की हरवलेल्या पानाच्या जागी शिक्क्याची चिठ्ठी चालते, अशा जास्तीत जास्त सात. पण चिठ्ठी हवी तर पान हरवल्याची पोलिसांची पोच जोडायची. नियमपुस्तिका चौसष्ट पानांची आहे आणि खेळ चाळीस पानांचा, यावरून मंडळाच्या स्वभावाची कल्पना यावी. मी असल्या नियमांचा आयुष्यभर पुरस्कार केला असल्यामुळं तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

ठाण्यात हवालदारांनी कन्नडात "बर्री, बर्री", म्हणजे या, या, म्हणत खुर्ची दिली आणि कागद ओढला.

"काय हरवलं?"

"तोफ," मी म्हणालो. "आणि दोन बुरूज. आणि तीनशे स्वार."

त्यांचं पेन थांबलं. "शेवटचं कुठं बघितलासा?"

"विहिरीत. म्हणजे विहिरीखाली ठेवलं होतं."

"कुणी ठेवलं?"

"मीच."

"कुणाची विहीर?"

"रवळूची. तो वारला."

हवालदारांनी आत बसलेल्या कुणाला तरी कन्नडात हाक मारली. त्यात 'तोफ' हा शब्द मला दोनदा ऐकू आला. मी समजावून सांगायला लागलो, की हा खेळ आहे, ही पानं आहेत. पण अर्जदार समजावून सांगायला लागला की ऐकणं बंद करायचं, हे मी स्वतः तीस वर्षं करत आलोय. त्यांनीही तेच केलं. कन्नडात भराभरा लिहून, शिक्का मारून पोच दिली. शिक्का मिळाल्याच्या आनंदात मी ती वाचली नाही. मला कन्नड उत्तम वाचता येतं, हे इथं नमूद केलं पाहिजे.

शनिवारी सकाळी दहाला गल्लीत जीप आली. दोन पोलीस, एक गळ आणि दोराचं वेटोळं. पोच देताना लिहिलं गेलं होतं की वडगावातल्या एका विहिरीत जुनी तोफ असल्याचं अर्जदारानं स्वतः सांगितलंय. आणि आमच्या गल्लीत विहीर एकच: परशरामच्या मागाच्या शेडमध्ये, फरशीखाली झाकलेली, वर तिसऱ्या नंबरचा माग.

परशरामनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी विसरणार नाही. माग सरकवायला दोन तास लागले. फरशी उचलली. अर्धी गल्ली वाकून बघत होती. आत स्वच्छ पाणी होतं, हातभर अंतरावर, आणि दोन बेडूक. पोलिसांनी गळ टाकला, फिरवला, आणि तळातून हिरवी पडलेली तांब्याची घागर काढली. परशरामची म्हातारी आई घागरीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ही माझ्या माहेरची. मी नवी नवरी होतो तवा पडलती. सासू वर्सभर बोलत न्हवती माझ्यासंगं."

घागर चिंचेनं घासून दारात मांडली गेली. संध्याकाळी परशराम स्वतः चहा घेऊन आला. म्हणाला, "मारुतीअण्णा, आई सकाळपासनं हसायलीया. जाऊ द्या ते." एवढ्या उपद्व्यापातून एवढंच एक सरळ निघालं. पण त्याची विहीर म्हणजे विहिरीसारखी विहीर. तळ असलेली. माझ्या पानावरच्या पायऱ्या मी त्या दिवशी पुन्हा भिंगानं बघितल्या. तळाशी तळ नव्हता.

रविवारी मी पुन्हा शहापूरला गेलो. या वेळी आक्कानं बसायला सांगितलं.

"जायलेत व्हय पानं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"त्याच्याकडं चाळीस हुती." ती मागाच्या दांडीवर हात ठेवून बोलत होती. "एक एक करून गेली. तवाच थांबायला पायजे हुतं न्हवं? पण दर टायमाला जिंकून यायचा रं. मग पानं संपली. मग त्यो घरात बसून एकटाच खेळायचा, आणि पानाच्या जागी काय गावंल ते खाली ठेवायचा. बसचा पास ठेवला. कचेरीचं कार्ड ठेवलं. मग फोटो."

"कसले फोटो?"

तिनं भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर ओळीनं सात खिळे होते. प्रत्येक खिळ्याखाली चुन्याचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ.

"हितं आई-आप्पा. हितं माझं लगीन. हितं त्याचा मॅट्रिकचा." ती खिळ्यांवरून बोट फिरवत गेली. "तेराव्याला हार घालायला एक फोटो न्हवता त्याचा. तुमच्या कचेरीतनं मागवला, तर ग्रुप फोटोत त्याच्या जागी नुसती खुर्ची."

तो ग्रुप फोटो मला आठवत होता. रवळू माझ्या शेजारी बसला होता. मी त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि मला त्याचा आवाज आठवला, चष्म्याची काडी आठवली, चेहरा येईना.

"त्याला मिळायचं काय एवढं?" मी विचारलं.

"दोन," आक्का म्हणाली. "दर टायमाला दोन. म्हणायचा, आक्का, फुकट मिळायलेत."

आता इथं कुठलाही शहाणा माणूस पान फेकून देईल. मी हेडक्लार्कसारखा वागलो. यादी मंडळाकडं नोंदली गेली होती आणि स्पर्धेला आठ दिवस उरले की तीत बदल करता येत नाही असा नियम बारा, पोटनियम तीन होता. मी स्वतःला हा पोटनियम पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. पोटनियमाच्या मागं दुसरं काय दडलं होतं ते मला ठाऊक होतं. मला दुसऱ्या फेरीतलं जेवण जेवायचं होतं.

स्पर्धा निपाणीच्या एका मंगल कार्यालयात होती. सकाळी नोंदणीच्या टेबलावर प्रियदर्शनी मॅडम बसल्या होत्या. त्या शाळेत शिक्षिका आहेत आणि मंडळाच्या पंच. त्यांनी माझ्या चारही चिठ्ठ्या उजेडात धरून तपासल्या, पोलिसांची पोच वाचून भुवई उंचावली, आणि माझा फोटो लावलेलं खेळाडूचं ओळखपत्र दिलं. ते मी शर्टाच्या खिशात ठेवलं.

पहिल्या फेरीत मी जिंकलो. विहिरीखालचं स्वारांचं एक पान गेलं. स्पर्धेच्या जागी पान हरवलं तर पोलिसांची पोच लागत नाही, पंचांची सही पुरते; मी चिठ्ठी घेतली आणि जेवलो. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. चार वर्षांनी मिळालेल्या त्या शिऱ्याला चव नव्हती, किंवा मला लागली नाही. दुसऱ्या फेरीत कोठार गेलं, उपांत्य फेरीत आणखी एक बुरूज. सात चिठ्ठ्या पुऱ्या झाल्या. लोक येऊन पाठ थोपटत होते. मी प्रत्येक वेळी हात खिशावर ठेवून ओळखपत्र आहे ना ते बघत होतो, का ते मला सांगता आलं नसतं.

अंतिम सामना डॉक्टर भीमरत्न यांच्याशी. निपाणीत त्यांचा दवाखाना आहे, आणि गेली दोन वर्षं विजेते तेच. शांत माणूस. खेळताना त्यांचे ओठ हलतात, कारण ते समोरच्याचं प्रत्येक पान मोजतात.

"रवळूंच्या वेळची विहीर दिसते," मी पान मांडलं तेव्हा ते म्हणाले. "मीही एकदा तिच्यापुढं हरलोय."

पाच खेळ्या झाल्या. विहिरीखाली पाच पानं गेली. डॉक्टरांचा एकच बुरूज उरला होता आणि माझ्या हातात तोफ होती; ती डागली की डाव माझा. तोफेला सहा रसद. माझी चार शेतं, विहिरीच्या दोन. बरोबर सहा. फक्त विहिरीखाली आणखी एक पान ठेवायचं होतं.

माझ्या मोजणीनं हातात एकच पान उरायला हवं होतं, ती तोफ. हातात दोन होती.

मी दुसरं पान सरकवून बघितलं. ते माझं ओळखपत्र होतं. मी डाव्या हातानं खिसा चाचपला. खिसा रिकामा. ते खिशातून मी काढलं नव्हतं. ते पानांमध्ये इतकं बेमालूम बसलं होतं, त्याच मापाचं, तसंच गार, की जणू मी सकाळपासून तेच धरून बसलो होतो. फोटोतला मी माझ्याकडं बघत होतो.

कार्यालयात शंभरेक माणसं असतील. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. विहिरीवरून वाऱ्यासारखं काहीतरी गार माझ्या मनगटाला लागलं, आणि माझा हात पुढं गेला. हे मी कबूल करतो. अंगठ्यानं मी ओळखपत्र तोफेपासून वेगळं केलं होतं आणि ते टेबलापासून चार बोटांवर होतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की दोन मिळतायत. नुसत्या दोन हव्यात. आणि मग मला आक्काच्या भिंतीवरचे खिळे दिसले, आणि मंगल एका खिळ्याकडं बोट करून कुणाला तरी सांगतेय असं दिसलं, की हितं ह्यांचा.

"मारुतीराव, तुमची खेळी," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

"विहीर बंद," मी म्हणालो.

आवाज माझा होता, पण फार लांबून आल्यासारखा वाटला. लोकांत कुजबूज झाली. चार रसदीत मला काहीच करता आलं नाही. पुढच्या खेळीला डॉक्टरांनी दोन स्वार आणले आणि माझा तट पडला. मी पाच वर्षांत पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचून, हातात तोफ असताना, स्वतःच्या तोंडानं हरलो. मागून कुणीतरी म्हणालं, "हेडक्लार्क घाबरलं." ओळखपत्र मी खिशात न ठेवता बनियनच्या आत घातलं.

डॉक्टर मला पानं गोळा करायला मदत करायला लागले. विहीर उचलून त्यांनी खालची पानं हातात घेतली आणि थांबले.

"चार आहेत," ते म्हणाले.

मी माझी शेतं गोळा करत राहिलो.

"पाच ठेवली होती तुम्ही. मी मोजत होतो." त्यांनी टेबलक्लॉथ उचलला, वाकून खाली बघितलं, स्वतःच्या बाह्या झटकल्या. मग ते बोटांचा वास घेत राहिले. बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर, रुग्णाला काय सांगावं हे ठरवतानाचा भाव होता. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "रवळूंचं हेच झालं का?"

"व्हय."

"सांगायचं होतं आम्हाला."

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण सांगायचं होतं."

त्यांनी प्रियदर्शनी मॅडमना बोलावलं आणि पान रद्द करायचंय असं सांगितलं. पान रद्द करायचा अर्ज आहे, नमुना क, तीन प्रतींत. मॅडमनी तो काढला. पानाचं नाव, धारकाचं नाव, तारीख, मी सगळं भरलं. मग आला रकाना सहा: रद्द करण्याचं कारण. तीस वर्षं मी लोकांचे अर्ज 'कारण स्पष्ट नाही' असा शेरा मारून परत पाठवलेत. त्या रकान्यापुढं माझं पेन हलेना. काय लिहायचं होतं? पान जीर्ण नव्हतं, बनावट नव्हतं, नियमात होतं आणि देतो म्हटलेलं देत होतं.

डॉक्टरांनी माझ्या हातातून पेन घेतलं. त्यांनी आयुष्यात कितीतरी दाखल्यांवर मरणाची कारणं लिहिली असतील. त्यांनी फार विचार केला नाही. तिन्ही प्रतींवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'परवडत नाही.'

मॅडमनी ते वाचलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि सही केली. मग त्यांनी फायलीला भोकं पाडायचं पंच मशीन ओढलं, विहीर त्यात सरकवली, काळ्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर, आणि दाबलं.

कट् असा आवाज झाला. पानाला भोक पडलं. त्यांनी मशीन उलटं करून टेबलावर आपटलं. गोल तुकडा निघाला नाही. आम्ही तिघांनी टेबलावर बघितलं, मग खाली फरशीवर. तिथंही नव्हता. बाहेर कुणी खुर्च्या आवरत होतं, बक्षिसासाठी माइक तपासत होतं.

बऱ्याच वेळानं, इतक्या वेळानं की आम्ही बोलायला तोंड उघडलं होतं, अगदी खाली कुठंतरी पाण्यात खडा पडल्यासारखा आवाज आला.

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि अर्जाच्या शेवटच्या रकान्यात वेळ लिहिली.